रूबीताईंच्या खोलीतला पलंग

मी एक जुना सागवानी पलंग आहे. पण मित्रांनो, माझ्यावर रात्रीची झोप काढायला कुणी येत नाही. माझ्या एका टोकाला नाकातोंडापुरतं गोल भोक आहे. दुखऱ्या पाठीची माणसं माझ्यावर पालथी पडतात आणि तासाभरात उठून जातात.

पळस्प्याच्या दादू सुतारांनी मला घडवलं. रूबीताई पेणकर तेव्हा फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून नुकत्याच पनवेलला परतल्या होत्या. त्यांनी भोकाचं माप सांगितलं तेव्हा दादू चक्रावलेच.

"ताई, चांगल्या फळीला भोक पाडायचं? आमी असं काम कदी केलं नाय."

"दादूमामा, पालथं झोपल्यावर माणसाने नाक कुठं ठेवायचं?"

दादू स्वतः जमिनीवर पालथे पडले, क्षणभर गुदमरले आणि उठून त्यांनी करवत उचलली. त्या भोकाची कड त्यांनी इतकी गुळगुळीत केली, की आजवर कुणाच्या गालाला साधं कुसळ लागलेलं नाही.

वडाळे तलावाजवळच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत मी कामाला लागलो. शनिवारी ताईंचा शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा विश्रांतीचा दिवस. तेव्हा मलाही सुट्टी. बाकीचे दिवस मात्र गडबडीचे. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारे दिनानाथ यायचे आणि म्हणायचे, "ताई, जोरात दाबा, हाड मोडलं तरी चालेल!" ताई हसून म्हणायच्या, "मग उद्या तुमचा ट्रेलर मी चालवू का?" त्या आधी विचारायच्या, मग हात लावायच्या, आणि हात लावतानाही पुन्हा विचारायच्या. जाताना माणसं माझ्या कडेवर थाप मारून जायची. मला फार बरं वाटायचं.

मग समोर काचेच्या दाराचं एक मसाज सेंटर उघडलं. आत मंद संगीत, बाहेर मोठी पाटी : 'एका बैठकीत दुखणं गायब!' हळूहळू आमच्याकडची वर्दळ आटली. माझ्या गादीवरचं रेक्झिन उसवलं. माझ्यावर फायली, टॉवेलांचे गठ्ठे आणि एक बिघडलेला पंखा येऊन बसला. आपलं काम संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

अशातच एका दुपारी आशालताबाई आल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई. पडून त्यांचा घोटा मोडला होता, प्लास्टर काढून आठवडा झाला होता. सोबत त्यांची मुलगी कादंबरी होती. ताईंनी घाईघाईने माझ्यावरचा पसारा उचलला, पण बाई खुर्चीतच बसल्या.

"आधी मला सांगा, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"आई, अगं!" कादंबरी ओशाळली. "समोर तर लगेच तेल लावायला घेत होते. तिथेही तू हेच विचारलंस."

"आणि ते म्हणाले, 'आजी, आमच्यावर विश्वास ठेवा.' उत्तर कुठं दिलं? माझा पाय आहे, मी विचारणारच."

ताईंना जराही राग आला नाही. त्यांनी भिंतीवरची पदवी दाखवली. काय करणार, किती वेळ लागेल, दुखलं तर कधीही थांबवता येईल, मुलगी शेजारी बसू शकेल, हे सगळं शांतपणे सांगितलं. मग म्हणाल्या, "आता मी विचारते, मावशी. दुखतंय नेमकं कुठं?"

"पोटरीत. परवापासून फुगलीय."

ताईंनी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहिल्या, टेपने मापल्या, हाताची मागची बाजू अलगद टेकवली. एक पोटरी चांगलीच सुजलेली होती आणि गरम लागत होती. ताईंचा चेहरा बदलला.

"मावशी, मी आज मालिश करणार नाही. कुणालाच करू देऊ नका."

"म्हणजे?" कादंबरीचा आवाज चढला. "एवढ्या लांबून आलोय आम्ही!"

"पाय बरेच दिवस प्लास्टरमध्ये होता. आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळताना ती सुटली आणि फुफ्फुसात गेली, तर जिवावर बेतेल. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला चला."

कादंबरीने आईला दंडाला धरून उठवलं. ताईंनी हॉस्पिटलला फोन लावला, खोलीला कुलूप घातलं आणि स्वतः रिक्षात बसून त्यांच्याबरोबर गेल्या. मी रिकाम्या खोलीत वाट पाहत राहिलो. इतकी लांब संध्याकाळ मी कधी अनुभवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कादंबरी एकटीच आली. "गुठळीच होती," एवढंच बोलली आणि ताईंचा हात धरून रडली. औषध वेळेवर सुरू झालं होतं.

काही महिन्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आशालताबाई घोट्याच्या व्यायामासाठी आल्या. ताईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग बाई माझ्यावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "हं, आता करा सुरुवात." आता त्यांच्या ओळखीची माणसं येतात. मला नवं रेक्झिनही चढलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं अंग दुखत असेल, तर पाटी पाहून धावू नका. शिकलात कुठं, करणार काय, असं खुशाल विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. माझ्यावर हजारो माणसं झोपून गेली. पण मला सर्वांत मोठा अभिमान वाटतो तो त्या दुपारचा, जेव्हा ताईंनी एका आजींना माझ्यावर झोपू दिलं नाही.