ओलं फडकं

आण्णा, माझे वडील, गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास आले. दर गुरुवारी यायचे. पेणहून सकाळची एसटी, रोह्याला उतरून पूल ओलांडून अष्टमीत प्रणितकडे गिटारचा तास, आणि मग वरसेला माझ्याकडे जेवायला. गिटारला आईने मेणकापडाची पिशवी शिवून दिली होती. आमच्या गणपतीच्या कारखान्यात तयार मूर्ती झाकायला वापरतात, तेच कापड.

मी काम करते ते वाचनालय दुपारी बंद असतं, म्हणून मी घरी होते. हे धाटावला पहिल्या शिफ्टला गेले होते. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. आण्णा दोन भाकऱ्या जेवले, हात धुतले आणि ताटं उचलायच्या आत गिटार मांडीवर घेऊन बसले.

तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. पेणमध्ये गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात, आणि आखणी म्हटलं की लोक जनूआण्णांचं नाव घेत. त्यांच्या हातची रेघ कधी चुकली नाही, असं सगळे सांगत. तो माणूस माझ्या चटईवर बसून एका जुन्या गाण्याच्या दोन ओळी वाजवत होता आणि दर चार ठोक्यांना चुकत होता. बोट भलत्याच तारेवर पडायचं, खर्र आवाज यायचा. आण्णा हसायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे.

मी ताटं घासत होते. तिसऱ्यांदा तसाच आवाज आला तेव्हा म्हटलं, "आण्णा, चुकलं."

"व्हय, चुकला." वाजवणं थांबलं नाही. "पुढला येतंय ना."

गाणं कसंबसं संपलं. मग त्यांनी गिटार माझ्याकडे धरली. म्हणाले, बस, एक बोट ठेवून बघ. मी म्हटलं, मला नाही जमणार.

"नाय जमला तर नाय जमला गो अनिता. त्यात काय झाला?"

मी हातातलं ताट दुसऱ्या ताटावर ठेवलं. आवाज जरा जास्तच झाला. जे म्हणायचं होतं ते तोंडापर्यंत आलं होतं. त्याऐवजी मी साडेतीनच्या एसटीची आठवण करून दिली. आण्णांनी गिटार पिशवीत घातली, नाडी बांधली, आणि बिरडं छान झालं होतं असं सांगून गेले.

शनिवारी सकाळी पेणच्या घरी दाढीचं पाणी घेऊन ते ओट्यावर बसले आणि तिथेच कलंडले.

मेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडे सोय नाही. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. येणारा प्रत्येक जण आण्णांच्या हाताबद्दल बोलायचा. कुणी सांगितलं की ते आखणीला बसले की कारखान्यात पंखासुद्धा बंद करत. कुणी सांगितलं, एका मंडळाच्या मूर्तीचे डोळे त्यांनी पाच वेळा पुसून सहाव्यांदा केले. माझा भाऊ पुंडलिक मान डोलवत होता. मी चहाचे कप गोळा करत होते. ते पुसणं मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

मी तेरा वर्षांची असताना आण्णांनी मला आखणीला बसवलं. मुलींना तेव्हा दागिने रंगवायला, फार तर सोवळ्याचा काठ काढायला देत. डोळे देत नसत. आण्णांनी दिले, म्हणून शाळेतून धावत यायची मी. वीतभर उंचीच्या मूर्ती. आधी पांढरा, मग बारीक कुंचल्याने वरची काळी रेघ, मग खालची, मग बुबुळ, आणि सगळ्यांत शेवटी त्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. तो पडला की मूर्ती बघायला लागते.

पहिली मूर्ती आण्णांपुढे ठेवली. त्यांनी पाहिली, ओलं फडकं घेतलं, दोन्ही डोळे पुसले आणि मूर्ती परत माझ्यापुढे ठेवली. काय चुकलं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. रोज एक मूर्ती, रोज ते फडकं. कारखान्यातली माणसं बघत असायची. सोळा दिवस.

सतरावी मूर्ती मी दाराशी नेऊन उजेडात धरली. दोन्ही डोळे माझ्याकडे बघत होते. मला कळलं की हे बरोबर आहेत. लहान असले तरी कळत होतं. आण्णांपुढे ठेवली. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मग त्यांनी फडकं उचललं.

मी उठले आणि आत स्वयंपाकघरात जाऊन बसले. पुन्हा कारखान्यात कामाला गेले नाही. मला कुणी बोलवायलाही आलं नाही. पुढे बावीस वर्षं मला एकच प्रश्न होता: आण्णांना ते डोळे चांगले दिसले होते की नाही? दिसले नसतील तर माझी नजरच खोटी. दिसले असतील तर मग काय म्हणायचं, ते मला ठरवता येत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी काहीही पूर्ण केलं नाही. पत्राची पहिली ओळ वाकडी गेली तर कागद फाडते. स्वेटर विणायला घेते, एक टाका सुटला की सगळा उसवते. आमच्याकडे कपाटात लोकरीचे गुंडे आहेत, स्वेटर एकही नाही.

आणि हाच माणूस म्हातारपणी गिटार घेऊन येतो आणि मला सांगतो, नाय जमला तर नाय जमला.

चौदाव्या दिवशी आईने गिटार माझ्या हातात दिली. पुंडलिकला ती कारखान्यात नको होती. गिऱ्हाईक विचारतं, म्हणाला, आण्णा हे काय करत बसायचे? मी ती घेतली ती प्रणितला देऊन टाकायची म्हणून.

प्रणित पंचविशीचा, धाटावला एका कंपनीत कामाला. शिफ्ट सांभाळून घराच्या पुढच्या खोलीत चार-पाच जणांना गिटार शिकवायचा. मी पिशवी दारातच पुढे केली. त्याने घेतली नाही. म्हणाला, "ताई, आत तरी या. आण्णा दर वेळी सांगायचे, पुढच्या गुरुवारी पोरीला घेऊन येतो."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"मला तर सारखे म्हणायचे."

मी बसले ते रागाने. त्याने माझ्या डाव्या हाताची तीन बोटं एकेक करून तारांवर कशी दाबायची ते दाखवलं. तारा लोखंडी, बोटांत रुतत होत्या. उजव्या हाताने छेडलं तर एक तार वाजली आणि बाकीच्या खरखरल्या. मी लगेच तळहात सगळ्या तारांवर ठेवला, आवाज बंद केला आणि पुन्हा पहिल्यापासून बोटं मांडायला लागले. पुन्हा चुकलं. पुन्हा तळहात. असं चार-पाच वेळा झालं तेव्हा प्रणित हसायला लागला.

मी विचारलं, हसण्यासारखं काय आहे?

"रागावू नका ताई. अगदी आण्णा. पहिले दोन महिने ते असंच करायचे. चुकलं की पंजा ठेवायचा, आणि पहिल्यापासून. मी म्हटलं, आण्णा, हे मूर्तीचं काम नाय. इथं पुसायला काय नसतं. वाजलं ते गेलं. तुम्ही पुढच्या ठोक्याला हजर व्हा."

मी गिटार खाली ठेवली. प्रणितला बोलायची हौस होती, किंवा त्याला आण्णांची आठवण येत होती. तो सांगत राहिला. आण्णा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं की या वयात कोणती गोष्ट कधीच नीट येणार नाही. प्रणित म्हणाला, गिटार. आण्णा म्हणाले, मग तीच शिकव.

"नंतर एकदा तुमचं सांगितलंन. तारा जुळवत होतो आम्ही. म्हणाले, माझ्या पोरीने एकदा डोळे केले होते, माझ्याहून चांगले. मी पुसले."

मी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली.

"मी म्हटलं, का पुसलेत मग? तर म्हणाले, वाटलं, अठरावे याहून चांगले करील. अठरावी मूर्ती आलीच नाय."

खोलीत अजून दोन मुलं आपापली गिटार घेऊन बसली होती. त्यांच्यासमोर मला काही होऊ द्यायचं नव्हतं. मी प्रणितला विचारलं, पुढचा तास केव्हा? तो म्हणाला, गुरुवारीच.

मी गिटार घेऊन पुलावरून घरी आले. बावीस वर्षांचा प्रश्न सुटला होता आणि उत्तर अष्टमीतल्या एका अनोळखी मुलाच्या खोलीत पडून होतं. आण्णांनी ते त्याला दिलं, तारा जुळवता जुळवता, सहज. माझ्या घरी दर गुरुवारी जेवले. बिरडं छान झालं म्हणाले. ते मात्र म्हणाले नाहीत.

मी गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्याही गुरुवारी गेले. लोकांना वाटलं, बापाची आठवण म्हणून शिकते आहे. यांनाही तसंच वाटलं असावं. शिफ्टवरून आले की मुकाट्याने चहा करून घ्यायचे. मी रागाने शिकत होते. प्रत्येक चुकीला उजवा हात तारांवर यायचा आणि मी तो मध्येच अडवायची. हे बोट दाबण्यापेक्षा अवघड होतं. चुकलेला आवाज कानात असताना पुढच्या ठोक्यावर जायचं म्हणजे अंगावर डाग घेऊन चारचौघांत उभं राहायचं. पहिला महिनाभर मला ते सहन होत नव्हतं. वाजवता वाजवता मी आण्णांशी भांडायची, मनातल्या मनात: तुम्हाला हे दोन महिन्यांत जमलं? मला तेव्हाच का नाही दिलंत? पोरीला शिकवायची गोष्ट तुम्ही म्हातारपणी स्वतःपुरती शिकून घेतलीत.

बोटांची टोकं आधी सोलली, मग घट्ट झाली. तीन कॉर्ड आल्या. तिसरी कधी लागायची, कधी नाही. आण्णांचं गाणं मी वाईट वाजवायला शिकले. पण शेवटपर्यंत वाजवायला शिकले. मी आयुष्यात शेवटपर्यंत नेलेली ती पहिली गोष्ट.

मे महिन्यात गिटार घेऊन पेणला गेले. कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मुंबईची मंडळं मूर्ती ठरवायला येत होती. आण्णांचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला होता. एक गृहस्थ त्याला हात जोडून म्हणाले की असा निर्दोष हात आता होणे नाही. पुंडलिकने मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हणाला, ही आण्णांची मुलगी, वाचनालयात असते, गणपतीच्या विशेषांकात आण्णांवर लेख लिहिणार आहे. हे मला तेव्हाच कळलं. मी बघू म्हटलं आणि मागच्या पडवीत गेले.

आई वालाच्या सुक्या शेंगा सोलत बसली होती. तिने गिटारकडे बघितलं. म्हणाली, "आणलीस ती? वाजव बघू."

मी वाजवलं. पहिल्याच ओळीत तिसरी कॉर्ड घसरली. हात तारांवर आला नाही. पुढच्या कडव्यात दोनदा घसरली. आईची बोटं शेंगांवर चालू होती. संपल्यावर म्हणाली, "त्याच्यासारखाच चुकतंस गो."

पुढून त्या गृहस्थांचा आवाज येत होता. अजून आण्णांच्या हाताबद्दलच चाललं होतं. मी आईला विचारलं, माझ्या त्या शेवटच्या मूर्तीचं आण्णा तिला कधी बोलले होते का?

तिने सालं सुपात टाकली.

"त्याच दिशी बोल्ले. जेवले नाय त्या दिशी. बोल्ले, पोरीचे डोले बरोबर व्हते, माझा हात थांबला नाय."

"तुला माहीत होतं."

"व्हय."

"बावीस वर्षं."

"सांगनार व्हते ते. दर गणपतीला बोलायचे, औंदा अनिताला सांगतंय. तू यायचीस पाव्हन्यासारखी. तुझा त्वांड बघून गप व्हायचे." मग हळूच म्हणाली, "आता गेलेल्या माणसाचा काय मनात ठेवू नये, पोरी."

मी गिटार भिंतीला टेकवली आणि पुढे कारखान्यात गेले. पुंडलिक, ते गृहस्थ, कुंचले घेऊन बसलेली सहा-सात माणसं. मला वाटलं होतं की आवाज चढेल. चढला नाही. कुठून सुरुवात करायची हेही ठरवलं नव्हतं, आणि पहिलं वाक्य अडखळलं. ते मी तसंच राहू दिलं. फोटोकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आण्णा, ते डोळे... माझे डोळे चांगले होते. तुम्हाला दिसलं होतं. दिसूनही तुम्ही पुसलेत, आणि मला तसंच जाऊ दिलंत. मी तुमच्यावर रागावलेय. तुम्ही गेलात तरी रागावलेय."