डब्यावरची सही

कारखान्यात त्याला सगळे चोर म्हणत, आणि पगारही त्याला चोरीचाच मिळे. तिथे सीलं बनत. औषधाच्या बाटलीवरची, विजेच्या मीटरवरची, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावरची. साधी दिसणारी चिकटपट्टी, पण सोलायला गेलात की खाली 'उघडले' अशी लाल अक्षरं उमटायची आणि मग काही केल्या ती जायची नाहीत. टेस्टिंगच्या खोलीत बसून ही सीलं कुणाला पत्ता लागणार नाही अशी उघडायची, एवढंच त्याचं काम. ब्लेड, बर्फ, स्पिरिट, केस वाळवायचं यंत्र, असला सगळा सरंजाम त्याच्या टेबलावर मांडलेला असे. त्याला जे सील दाद देत नसे तेच बाजारात जाई.

अशा कामाचा एक तोटा असतो, तो म्हणजे हात घरी येतानाही सोबत येतात. जेवायला बसला की हा लोणच्याच्या बरणीचं लेबल खरवडत बसे. बायको म्हणे, "त्या हातांना काहीतरी काम दे, नाहीतर बांधून ठेव." ती सकाळी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसे आणि दुपारी घरी येई. तिला दिवसभर माणसांची किरकिर ऐकून घरात शांतता हवी असे, आणि गेले काही महिने नेमकी तीच मिळत नव्हती.

कारण बाबा. आई गेल्यापासून बाबा एका पत्र्याच्या डब्यात जीव अडकवून बसले होते. बिस्किटांचा गोल डबा, आत आईचा कंगवा आणि तिची लव्हेंडर सेंटची बाटली. ती बाटली संपत चाललीय, कुणीतरी रोज थोडं थोडं वापरतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. नुसतं मनानं नाही, बाटलीवर त्यांनी पेनाने रेघ मारून ठेवली होती आणि सेंट खरोखरच रेघेच्या खाली गेलं होतं. मग त्यांनी डब्याला दोरा बांधला. दोरा सुटला. झाकणाच्या फटीवर थुंकीने केस चिकटवला. केस गायब. दुपारी घरात दुसरं असतं कोण? सून. झालं, बाबांचा हिशोब पक्का झाला.

"तिच्या अंगाला तुझ्या आईचा वास येतो," त्यांनी एकदा चहा पिताना सांगून टाकलं, तेही ती समोर असताना.

तिचा नुसता तिळपापड झाला. "मला सेंटनं शिंका येतात, बाबा! आठ वर्षं झाली लग्नाला, तुम्हाला माहीत नाही?"

बाबा तिच्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "तू कारखान्यातलं सील आण. आमच्या वेळी गोदामाला लाखेची मोहर असायची आणि कागदाच्या पट्टीवर माझी सही. त्या सहीला हात लावायची कुणाची छाती नव्हती."

बाबा गोदामावर मोहरवाले होते, हे खरं. ते आता मोठेपणाने सांगत, हेही खरं. मुलाने सील आणलं. बाबांनी ते स्वतः डब्यावर चिकटवलं आणि जुन्या सवयीने न पुसणाऱ्या मार्करने वरून सही ठोकली, अर्धी सीलवर, अर्धी पत्र्यावर. सीलवरचा नंबर त्यांनी मोठ्याने वाचून मुलाकडून वदवून घेतला. बायको स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. त्याच संध्याकाळी बॅग भरून ती बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "चोर सापडला की फोन कर."

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला तेव्हा डबा टेबलावर होता आणि सीलवर लालभडक अक्षरं उमटली होती. बाबा विजयी मुद्रेने बसले होते.

"बघ. येऊन गेली ती."

"बाबा, ती इथे नाहीये. तिची किल्लीही माझ्याकडे आहे."

"असेल दुसरी किल्ली."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. बाबांच्या स्वेटरच्या कोपरावर सीलचा एक तुकडा चिकटला होता, त्यावर 'उघ' एवढी दोन अक्षरं. तो उचलून घ्यायच्या निमित्ताने तो जवळ वाकला आणि कॉलरमधून लव्हेंडरचा वास थेट नाकात गेला. आईचा वास. रोज पगारी चोर होऊन बसणाऱ्या या माणसाने आपल्या बापाला पकडलं होतं, आणि पकडून करायचं काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी तो बोलला. बोलायला नको होतं. "बाबा, सकाळी तुम्हीच उघडला असेल. आणि मग लक्षात राहिलं नसेल."

बाबांचा चेहरा असा उतरला की पाहवेना. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, उलटे केले, सुलटे केले. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखेनासे झाले होते, रोज संध्याकाळी 'मला घरी सोडा' म्हणून रडायचे. बाबांना मरणाची भीती नव्हती, पण याची होती, आणि ती ते कधी बोलून दाखवत नसत. आता हळूच म्हणाले, "म्हणजे दादासारखं? मीसुद्धा?"

"छे छे, काहीतरीच! गोंदच खराब होता, बाबा. ही बॅच परत आलीय कारखान्यात. मी दुसरं आणतो." शब्द तोंडातून आपोआप सांडले. बाबांनी खोल श्वास सोडला.

बायको परत आली, पण सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "मग सांग त्यांना! की मी जन्मभर चोर म्हणून मिरवू?"

"सांगवत नाही गं. तू चेहरा बघितला नाहीस त्यांचा."

"आणि माझा चेहरा?"

दुसऱ्या दिवशी तो बाबांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे विसरणं आता वाढत जाणार, घरातल्यांनी सांभाळून घ्यावं. कसं सांभाळायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा त्याने आपल्या अकलेने एक मार्ग काढला, आणि कुठलाही कारखानदार ऐकून हबकला असता असा तो मार्ग होता.

त्या कारखान्यात एकच नियम देवासारखा पाळत: एका नंबरचं सील दुनियेत एकच. तो नंबर पुन्हा छापणं म्हणजे नोकरीवर पाणी. याने जेवणाच्या सुट्टीत नमुन्यांच्या मशीनवर बाबांच्या डब्याचा तोच नंबर छापला. एकदा नाही, पट्टीच्या पट्टी. मागे दार वाजलं, कारखाना चालवणाऱ्या मोठ्या बाई आत आल्या. "काय रे चोरा, जेवण सोडून काय उद्योग?"

"न-नमुने, बाई."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि त्या गेल्या. त्याची मात्र पाचावर धारण बसली होती. त्या दिवशी त्याच्या हातून एकही सील धड उघडलं नाही.

पुढे रोजचाच तो खेळ झाला. बाबा सकाळी आंघोळ झाली, घर रिकामं झालं, की डबा उघडत, कॉलरला सेंट लावत, डबा ठेवून देत आणि विसरून जात. दुपारी ते झोपले की बायको कारखान्यात फोन करी, "उघडलाय." मग हा स्कूटर हाणत घरी येई. चिवट गोंद पुसून काढायचा, नवं सील बसवायचं, त्यावर सहीचा अर्धा भाग आपल्या हाताने काढून पत्र्यावरच्या अर्ध्याला जोडायचा. रेघेला रेघ अशी भिडायची की भिंग लावलं तरी सांधा दिसू नये. त्याच्या धंद्यात सगळे सांध्याकडेच बघतात, म्हणून तोही सांध्याकडेच बघे. आणि सील लावायच्या आधी ड्रॉपरने बाटलीत रेघेपर्यंत पाणी. तसलं सेंट त्याने दुकानं पालथी घालून शोधलं, पण ते निघायचं कधीच बंद झालं होतं.

पाणी घालताना त्याचा जीव नुसता खालीवर होई. आपण आईला थोडं थोडं संपवतोय असं त्याला वाटे, आणि ते काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी बाबांची तपासणी. डबा हातात घेऊन, नंबर पुटपुटत, सीलवर बोट फिरवत ते म्हणत, "बघ, शाबूत. सील आल्यापासून हिंमत झाली नाही तिची." म्हणजे इतका आटापिटा करून बायको सुटलीच नव्हती. सील तुटलं तरी ती चोर आणि न तुटलं तर धाक बसलेली चोर. ती ताट वाढता वाढता हे ऐके आणि ओठ घट्ट मिटून घेई. एकदा आत येऊन तिने त्याला सरळच सांगितलं, "हे असंच चाललं तर मी जाणार. या वेळी बॅग मोठी असेल."

त्यालाही झोप लागत नव्हती, कामात लक्ष लागत नव्हतं. फोन वाजला की तो दचके, वाजला नाही तरी दचके.

आणि एका रविवारी बाबांनी त्याला हाक मारली. ते खिडकीपाशी बसले होते, डबा मांडीवर, समोर वर्तमानपत्र. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी आपली सही केली होती. एकाखाली एक, बऱ्याच. सगळ्या सह्या कापऱ्या, पाण्यावर हलणाऱ्या सावलीसारख्या.

"बस. ही सही कुणाची?"

"तुमची, बाबा."

"आणि ही?" त्यांनी डब्यावर बोट ठेवलं. पत्र्यावरचा अर्धा भाग थरथरत होता. सीलवरचा अर्धा भाग ताठ, करकरीत, गोदामावरच्या दिवसांतला. त्याने सांधा जपला होता, बाबांचं वय जपायचं राहून गेलं होतं. लहानपणापासून पाहिलेली सही त्याचा हात आपोआप गिरवत गेला होता.

"माझा हात आता असा चालत नाही रे," बाबा म्हणाले. "सील बदललंय कुणीतरी. आणि नंबर तोच आहे, म्हणजे कारखान्यातला माणूस. आणि डबा नाकाशी धरला तरी आता वास येत नाही, पाणी झालंय सेंटचं. सून नाही करणार हे. तिला माझी सही कुठून येणार?"

किती दिवसांनी बाबांचं डोकं असं लख्ख चाललं होतं! त्याला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी धाबंही दणाणलं. बाबा त्याच्याकडे बघत होते. नजरेत राग होता, पण रागाच्या मागे दुसरं काहीतरी डोकावत होतं. त्यांना एक उत्तर हवं होतं आणि एका उत्तराची भीती वाटत होती. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको दाराशी येऊन उभी राहिली होती.

"मीच, बाबा," तो म्हणाला. "मीच उघडतो. मीच घेतो."

"का रे?"

तो काहीतरी बनवून सांगणार होता, पण भलतंच बाहेर पडलं. "आईची आठवण येते."

म्हणताना त्याला कळलं की हे खरंच आहे. सगळ्या धावपळीत आईसाठी रडायचं राहूनच गेलं होतं. ते आता झालं, बाबांच्या गुडघ्याशी बसून, चांगलं मोठ्याने.

बाबांनी त्याच्या डोक्यावर थोपटलं. त्यांचे खांदे सैल झाले होते, चेहऱ्यावरची कसली तरी गाठ सुटली होती. घरात चोर होता आणि तो आपल्या डोक्यात नव्हता. "अरे, मागितलं असतंस तर दिलं नसतं का? चोरून कशाला घ्यायचं?" त्यांनी सील टरकावलं, बाटली काढली आणि त्याच्या कॉलरला बोट लावलं. नुसतं पाणीच ते. मग ते दाराकडे वळले. "सूनबाई, तुला फार बोललो मी. चुकलो."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर डब्यावर सील लागलं नाही. उरलेली पट्टी त्याने कारखान्याच्या भट्टीत टाकली आणि मोठ्या बाईंना बघून पहिल्यांदाच धड हसला.

काही दिवसांनी तो संध्याकाळी घरी आला, तर बाबा पुन्हा डबा घेऊन बसलेले. कपाळाला आठ्या. तो रविवार त्यांच्या लेखी कधी झालाच नव्हता. "बरं झालं आलास. कुणीतरी हात लावलाय याला. रेघ बघ."

त्याने चपला काढल्या. 'मीच' म्हणायला तोंड उघडलं, पण दिवसभराच्या दमणुकीने शब्द लवकर येईना. तेवढ्यात आतून बायको आली. हात पुसत बाबांच्या शेजारी बसली.

"मी लावलं आज, बाबा. छान वास आहे. विचारायचं राहून गेलं."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आठ्या गेल्या. "एवढंच ना? मागायचं की गं, पोरी." त्यांनी बाटली उघडून तिच्या मनगटावर थेंब सोडला. होतं ते पाणीच, तरी तिने मनगट नाकाशी नेलं आणि शिंकल्यासारखं केलं.