शैलूची भाड्याची अव्वा

माझी धाकटी बहीण शैलश्री सिनेमात गेली आणि आम्ही गरीब झालो. तसं संतपुरात आमचं स्लॅबचं घर आहे, ट्रॅक्टर आहे, अप्पांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. पण तिची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या किरणकुमारनं प्रत्येक मुलाखतीत तिला झोपडीत जन्माला घातलं. लोक हळहळले, तिकिटं खपली. अप्पा टीव्हीसमोर बसून विचारायचे, "चैत्रा, त्या झोपडीतनं आपण कवा निघालो गं?"

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, यातल्या कशाचंच काही नव्हतं. तिला फक्त पोरगी हवी होती. शैलू घरी येऊन कितीतरी सण उलटून गेले होते. यंदा येळवशीला येते म्हणून फोन आला आणि अव्वाचे पाय जमिनीवर ठरेनात. येळवस म्हणजे आमच्याकडचं शेतातलं जेवण. ऐन थंडीतल्या अमावस्येला कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, पूजा करायची आणि सगळ्यांनी तिथंच बसून ओल्या दाण्यांची-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी खायची, वर आंबील प्यायची. पहिला घास शैलूला आपल्या हातानं भरवायचा, एवढंच अव्वानं मनात धरलं होतं.

शैलू आली, पण गाडीभर माणसं घेऊन. नव्या सिनेमासाठी 'मातीतली लेक' म्हणून व्हिडिओ करायचा होता. किरणकुमारनं अव्वाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सोनेरी काड्यांचा चष्मा, नवं इरकल, तोंडभर हसू.

"रडता येतं का, अम्मा?"

"पोरगी घरी आल्यावर कामून रडू मी?"

झालं! स्वतःच्या लेकीची आई व्हायला अव्वा नापास. त्यानं गाडीतून दुसरी आई उतरवली. कलबुर्गीच्या नाटक कंपनीतल्या पार्वतीबाई ठिगळाचं लुगडं नेसून तयारच होत्या. नुसतं बोट दाखवलं की डोळ्यांतून धार.

शैलू अव्वाच्या गळ्यात पडायला आली, तर मेकअपवाला ओरडला. ती लांबूनच म्हणाली, "अव्वा, एवढं होऊ दे. मग आपण दोघीच जेवू." अव्वा मान हलवून बांधावर जाऊन बसली. मला तर वाटलं, आंबिलीचं अख्खं मडकं त्या कॅमेऱ्यावर ओतावं.

पार्वतीबाई रडत रडत घास भरवायच्या, शैलू चावायची आणि 'कट' म्हटलं की कागदात थुंकायची. वजन वाढतं म्हणे. अव्वानं पहाटे उठून केलेली भज्जी अशी घासाघासानं कागदात जात होती. ऊन कलल्यावर किरणकुमारला विमानाची आठवण झाली. त्यानं शैलूला घाईघाईनं गाडीत बसवलं. तिनं काच खाली करून बांधाकडं बघितलं, हात वर केला आणि गाडी निघून गेली.

पार्वतीबाईंना मात्र बसनं जायचं होतं. अव्वानं त्यांना कोपीत बसवून वाढलं.

"हिला कशाला वाढायलीस?" मी फणकारले.

"सणाला कुणाला उपाशी धाडत्यात का?"

पार्वतीबाई पोटभर जेवल्या. अव्वा त्यांच्याकडं नुसती बघत होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, "गिळला का हो तिनं एखादा तरी घास?"

पार्वतीबाई थबकल्या. "खोटं कामून बोलू, अक्का? सगळे थुंकली. शेवटच्या घासाला माज्या कानात इचारली, 'भज्जी अव्वानं केलीय का?' म्या व्हय म्हणलं. तवा गिळली, अन् खरंच रडायलती. तर सायेब म्हणायलाय, लई भारी, हेच पायजे!"

पार्वतीबाईंनी हात धुवायला तांब्या उचलला.

"थांबा," अव्वा म्हणाली. "आत्ताच धुऊ नका."

शैलूच्या ओठांना लागलेली ती परक्या बाईची खरकटी बोटं अव्वानं दोन्ही हातांत घेतली आणि आपल्या गालाला लावली.