कानसेनाची हातोडी

आमच्या गटात अकरा माणसं आणि एक वाफेचं इंजिन. पगार कुणालाच नाही, मतं मात्र प्रत्येकाला. वर्षातून एकदा तरी इंजिन लोकांना घेऊन धावलं तरच शेड आमच्याकडे राहते. नाहीतर मालकाने भंगारवाल्याचा नंबर जपून ठेवलाय. गेल्या वर्षीच्या फेरीत माझी नात ड्रायव्हरच्या जागेत, भट्टीच्या दारासमोर उभी राहून शिट्टीची दोरी ओढत होती. यंदाची फेरी रविवारी होती, आणि गुरुवारी सकाळी मी त्याच दाराशी स्टुलावर तक्ता घेऊन बसले होते.

आत माझा दादा होता. भट्टीला आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे असतात, मध्ये पाणी, आणि दोन्ही पत्र्यांना धरून ठेवणारे शेकडो बोल्ट. एका जागचे बरेच तुटले तर पत्रा फाटतो आणि वाफ दारातून थेट माणसांच्या अंगावर येते. तुटलेला बोल्ट डोळ्यांना दिसत नाही. हातोडीने ठोकून ऐकायचा. शाबूत असेल तर खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. दादा चाळीस वर्षं फिटर होता. गटात त्याला कानसेन म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. तो आतून ‘चांगला’ किंवा ‘मेला’ म्हणणार, बाहेर बसलेला, भट्टीच्या भिंती आणि बोल्ट काढलेल्या तक्त्यावर खूण करणार. हे काम दरवर्षी सुतारकाकांचं. यंदा त्यांचा गुडघा रुसला म्हणून माझ्यावर आलं.

पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीत बद्द आवाज आला आणि दादा म्हणाला, "चांगला."

मला वाटलं, खोड काढतोय माझी. पुढचाही बद्द. पुन्हा "चांगला." मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली आहेत, आवाजाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. मी हाक मारली. मोठ्याने मारली. तो ठोकतच राहिला. मी दारातून डोकं आत घातलं. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"दादा," मी म्हटलं, "तुझ्या मानेवर विंचू आहे."

त्याने पुढचा बोल्ट ठोकला.

हल्ली बोलताना तो तोंडाकडे टक लावून बघतो, तर मी समजत होते की म्हातारपणी प्रेमळ झाला. मी त्याचा पाय ओढला, बाहेर काढला आणि समोर उभं राहून विचारलं, कधीपासून. तो हातोडीकडे बघत राहिला. तीन वर्षं झाली असतील, म्हणाला. हाताला कळतं, म्हणाला. मग हळूच म्हणाला, "रविवार होऊ दे. मग मीच सांगतो सगळ्यांना."

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण या मुठीत माझी नात होती. तेवढ्यात खिडकीची चौकट घासत बसलेले सुतारकाका म्हणाले, "गेल्या वर्षी मलाही काही आवाज बसके वाटले होते. म्हटलं, कानसेनाला कळतं, आपण पडलो सुतार."

आता कुणाकुणावर चिडायचं? इतक्या वर्षांत दादाशिवाय दुसऱ्या कुणाला आम्ही भट्टीत जाऊच दिलं नव्हतं. ऐकायला शिकावं असं एकालाही वाटलं नाही, मलाही नाही, आणि याला आम्ही मान देणं म्हणत होतो.

"फेरी रद्द," मी दादाच्या तोंडासमोर म्हटलं.

"शेड जाईल," सुतारकाका म्हणाले.

"जाऊ दे."

दादाने हातोडी माझ्या हातात दिली आणि तक्ता स्वतः घेतला. साठीच्या बाईने त्या दारातून आत शिरायचं म्हणजे अडकले असते तर भट्टीच कापावी लागली असती, पण शिरले. तो बाहेर स्टुलावर बसला. त्याला ऐकू येणार नाही म्हणून मी दारातून हात काढून अंगठा दाखवायचा, वर म्हणजे चांगला, खाली म्हणजे मेला.

बाजूच्या भिंतीत चार मेले. मग मी दाराच्या वरच्या ओळीला आले. पहिला बद्द. दुसरा बद्द. सलग नऊ, आणि त्याच्या वरच्या ओळीत आणखी सात. घामाने हातोडी निसटायला लागली. हे सगळे एका रात्रीत तुटलेले नव्हते. अंगठा खाली, अंगठा खाली, आणि मग त्याने माझं मनगट धरलं.

"पुन्हा ठोक," म्हणाला. "तो शेवटचा."

मी ठोकला. पुन्हा बद्द. मी अंगठा खाली केला.

मी वाकून बाहेर बघितलं. तक्त्यावर दाराच्या वर फुल्याच फुल्या झाल्या होत्या, आणि दादाची पेन्सिल त्यांच्या खालच्या मोकळ्या जागेवर टेकली होती.

"इथेच उभी होती ती," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा झालाय ते त्याला कळलं नाही. शेडभर ऐकू गेलं.