हळदीपाशी कापलेला धवला

खाडीकाठच्या त्या गावात लग्न ठरलं की पहिली सुपारी देवाला आणि दुसरी बायजाला. भटजीला उशीर झाला तरी खोळंबा होत नसे, पण बायजा मांडवात पाय ठेवत नाही तोवर हळदीच्या वाटीला कुणी बोट लावायचं नाही. ती धवलारीण होती. हळदीपासून अक्षतांपर्यंत एकेका विधीला म्हणायचे धवले तिच्या तोंडी होते, सासूकडून आलेले, सासूला तिच्या सासूकडून आलेले. दिवसा नायगावच्या अंगाला नानाशेटच्या मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहणारी, टाचा खाऱ्या पाण्यानं फुटलेली ही बाई मांडवात पाटावर बसली की गावातली म्हातारी माणसंसुद्धा तिला 'अहो' म्हणत.

तिची एकच आस होती. मुलगा बळीराम, त्याची बायको पोरगी रांगती असतानाच गेली; ती पोरगी, शेवंती, बायजानंच वाढवली. साऱ्या गावच्या लेकी तिनं धवले म्हणून सासरी धाडल्या होत्या. शेवंतीला धाडायचं राहिलं होतं. शेजारच्या पाड्यातल्या काळूरामच्या मुलाशी बोलणं झालं तेव्हा बायजा चुलीपुढे बसून स्वतःशीच गुणगुणली, आणि लगेच जीभ चावली. मांडव नसताना धवला म्हणायचा नसतो.

आणीबाणी उठली त्या सुमारास मुंबईहून सिनेमावाले आले होते, ती गोष्ट तेव्हा तिच्या मनातही नव्हती.

देवदत्त नावाचा दाढीवाला तरुण त्यांचा पुढारी. खादीचा झब्बा, पायात वहाणा, आणि बोलायला इतका मऊ की बायका पदराआड हसत. मिठागरावर त्यांचं शूटिंग चाललं. "मावशी," तो बायजाला म्हणाला, "ही तुमच्याच घामाची गोष्ट आहे."

"ती तं आमाला ठाव हाय," बायजा म्हणाली. "आमालाच काय सांगता परत?"

त्याला कुणीतरी सांगितलं की हिचा आवाज ऐका. तो टेपचं यंत्र घेऊन घरी आला. बायजा नको म्हणाली. तो रोज येऊन अंगणात बसे, शेवंतीच्या हातचा कोरा चहा पिई, आणि पुन्हा विचारी. शेवटी बायजा विरघळली. पण रीत तिनं सोडली नाही. "मांडवाबगर धवला नाय. चार बांबू उभे करा, वर नारलाची झापं घाला. पाटावर दोन कलश ठेवा, तोच नवरा नि तीच नवरी. आनि एक सांगते, सुरू केला तं अक्षतांपावत पुरा व्हायला पायजे. मदीच सोडला तं नवरी हलदीतच राहाते. तिला ना माहेर, ना सासर."

देवदत्तानं सगळं केलं. स्वतः बांबू रोवले. बायजानं कलशांना हळद लावली आणि डोळे मिटले.

भरतीचे वेलंला गो खाडी झाली न्हाती,
हलदीचे वाटीला गो पाच जनींचे हाती.

दुपार कलली, कोंबड्या झापाखाली आल्या, तरी ती म्हणत होती. अक्षता टाकल्या तेव्हाच उठली. देवदत्तानं कानावरची यंत्रं काढली. त्याचे डोळे भरले होते. त्यानं तिला हिरवं लुगडं दिलं, पायांना हात लावला. बायजाला बरं वाटलं. शेटनं कधी तिच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मग सिनेमावाले गेले, आणि पुढच्या वर्षी भात कापून झाल्यावर सिनेमा एकटाच परत आला.

भुईगावात सॅन्टन नावाच्या ख्रिस्ती बागायतदाराच्या पडीक वाडीत सिनेमाचा तंबू पडला होता. गाव बैलगाड्या जोडून संध्याकाळच्या खेळाला निघालं. सॅन्टन तिकिटं फाडत फाटकाशी उभाच होता. "या, बायजाबाय या! आज तुम्हाला तिकीट नाय. तुम्ही तर आता हिरोईन!" त्याची बायको इझाबेल त्याला म्हणाली, "म्हातारीची काय चेष्टा करतोस रे?" आणि बायजाला पुढची चटई झटकून दिली. बायजा हिरवं लुगडं नेसली होती. उजवीकडे शेवंती, डावीकडे काळूरामची बायको, शेवंतीची होणारी सासू.

पडद्यावर त्यांचंच मिठागर होतं, त्यांचेच बांध. एक मजूर होता, त्याच्या मागं एक शेट होता. शेट जीपमधून यायचा. मजुराचा बाप बांधावर पडतो आणि शेट त्याला जीपमध्ये घेत नाही, तेव्हा तंबूत कुणीच हललं नाही. कारण ते तसंच घडलं होतं. बायजाच्या नवऱ्याला बांधावर पान लागलं होतं, साप चावला होता. नानाशेटची जीप समोर उभी होती, आणि गादी खाऱ्या पाण्यानं खराब होईल म्हणून त्याला बैलगाडीतून न्यावं लागलं. वाटेतच तो गार झाला. बायजानं हे देवदत्ताला अंगणात चहाच्या वेळी सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, बोलणं बोलण्यात जाईल.

शेवटी पडद्यावर शेटच्या मुलीचं लग्न निघालं. मोठा वाडा, दिवे, पंगती. मजूर कोयता घेऊन मागच्या दारानं आत शिरतो. शेट पाटावर बसलेला. कोयता पहिल्यांदा त्याच्या मानेवर आला. तंबू फुटला! शिट्ट्या, टाळ्या. बळीराम उभा राहून ओरडला, "हान! आनखी हान!" आणि बायजाच्या पोटातूनही, तिला न विचारता, एक शब्द वर आला, 'बरं झालं.' तो ओठांपर्यंत आला होता, तेवढ्यात तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

भरतीचे वेलंला गो...

मजूर थांबला नव्हता. शेटच्या म्हाताऱ्या आईला त्यानं पाडलं. मग आतल्या खोलीत गेला. तिथं नवरी बसली होती, पोरवयाची, गालाला ओली हळद. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पाटावरून उठायलाही तिला सुचलं नाही. बायजाचा आवाज पाच जनींच्या हातांपाशी आला, कोयता खाली आला, आणि गाणं तिथंच कापलं गेलं. पडद्यावर हळदीची वाटी लवंडलेली दिसत राहिली. पिवळ्यात लाल मिसळत गेलं. आवाज नाही, काही नाही. मग दिवे लागले.

शिट्टी मारणाऱ्यांची तोंडं उघडीच होती. कुणीतरी पोर रडायला लागलं. काळूरामच्या बायकोनं बायजाकडे पाहिलं, मग शेवंतीकडे, आणि आपली चटई थोडी बाजूला ओढली.

त्या माघात गावात तीन मांडव पडले. बायजाकडे सुपारी आली नाही. नायगावहून धोंडूबाईला आणलं म्हणून कळलं, तिला निम्मे धवले येत नाहीत, आलेले ती पळत पळत म्हणते. बायजा ओट्यावर बसून लांबून ऐके आणि सुटलेल्या ओळी मनात भरून काढी. कुणी तिला वाईट बोललं नाही. बोलले असते तर तिनं भांडण केलं असतं.

मग काळूराम आला. माणूस भला, त्यानं चपला अंगणाबाहेर काढल्या.

"बायजाबाय, राग धरू नको. शेवंती आमाला पायजेच हाय. पन धवल्याला धोंडूबायला सांगू."

"माझे नातीच्या लग्नात?"

"माझे बायकोचे डोल्यांसमोरून ती नवरी जात नाय. रात-रात बसून राहाते. बोलते, असा धवला ऐकून पोर आमचे घरात येल तं काय घेऊन येल?"

"मी पुरा म्हटला व्हता, काळूराम. अक्षता टाकल्या. शेवंतीला इचार, ती व्हती."

"तू म्हटला गं. पन ऐकला कोनी पुरा? साऱ्या वसईनं ऐकला तो हलदीपावतच."

बळीराम दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "जाऊ दे आये. पोरीचं भलं व्हईल तसं करू."

एक वाट उरली होती. पाचूबंदरला देवदत्त पुन्हा आला होता, कोळ्यांवर नवा सिनेमा करायला. पहिल्याला मोठं बक्षीस मिळालं होतं म्हणे. बायजा चालत गेली. बंदरावर लिलाव चालू होता, बोंबलांचा ओला वास, बायकांचा कलकलाट. देवदत्त होडीच्या कडेला बसला होता. तिला पाहून धावतच आला. "मावशी! तुमच्या आवाजानं दिल्लीत लोक रडले!"

"रडले तं रडले. बाबा, पुढचा जोड ना त्याला. अक्षतांपावतचा हाय तुझेकडं. पुन्हा तंबूत दाखव. एकदाच. लोकांनी ऐकला म्हंजे झाला."

तो तिच्याजवळ वाळूत बसला. खरंच कळवळून बोलला. "मावशी, ते गाणं तिथं मुद्दाम कापलंय. लोकांना धक्का बसायला हवा."

"बसला."

"तो शेवट म्हणजे तुमचा राग आहे. इतकी वर्षं दाबलेला."

तंबूत ओठांपर्यंत आलेला तो शब्द बायजाला आठवला. खोटं कसं बोलणार? "राग हाय," ती म्हणाली. "पन त्याला मी घरीच ठेवते, बाबा. मांडवात नेत नाय."

देवदत्तानं मागं वळून आपल्या कॅमेरावाल्याला हाक मारली. "ऐकलंस? काय वाक्य आहे!" मग तो तिला गाडीभाडं देऊ लागला. तिनं ते घेतलं नाही, आणि आली तशी चालत परत गेली.

वैशाखात शेवंतीचं लग्न झालं. मांडव दारातच होता. धोंडूबाई पाटावर बसली आणि बायजा बायकांच्या मागे, भिंतीशी, पदर तोंडावर घेऊन. धोंडूबाई म्हणत होती, अडखळत होती. एकदा तिनं मागं वळून बायजाकडे पाहिलं, पुढची ओळ विचारल्यासारखं. बायजानं मान खाली घातली.

तेवढ्यात नानाशेटची जीप आली. शेट मजुरांच्या लग्नाला येत नसत. पण गावात वीज आणायची खटपट चालली होती, आणि निवडणूकही जवळ होती. सगळा मांडव उठून उभा राहिला. बळीराम खुर्ची आणायला पळाला. स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं ती पुसली, दोनदा पुसली.

"काय बळीराम," शेट बसत म्हणाले, "सिनेमात मारलंत म्हणे मला!"

मांडव दचकला. मग शेट हसले, तसे सगळे हसले.

"दादरला पाहिला मी. घरच्या मंडळींना घेऊन गेलो होतो. काम बाकी झकास केलंय हं त्या पोरानं. आमच्या हिनं तर डोळेच झाकले." त्यांनी सोड्याचा घोट घेतला आणि धोंडूबाईकडे पाहिलं. "ही कोण? त्यात आवाज होता तो तुझ्या आईचा ना रे, बळीराम? मग ती का मागे बसलीय? तिला गाऊ दे की. एवढा आलोय तर ऐकून जातो."

काळूराम पुढे आला. त्यानंच अंगणाबाहेर चपला काढल्या होत्या. हात जोडून तो म्हणाला, "गाऊ दे, गाऊ दे. शेट बोलतात तं कसला अपशकुन!" त्याच्या बायकोचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिनंही पदर सावरून मान हलवली. त्या घरातले तिघं शेटच्याच मिठागरावर होते.

"आये," बळीराम म्हणाला, "गा."

हळद माखलेली शेवंती पाटावरून वळून बघत होती. तिचे डोळे म्हणत होते, गा ना आजी. बायजाच्या गळ्यात सगळे धवले एकदम दाटून आले, भरतीच्या वेळी बांधातल्या उघाडीच्या बंद दाराशी पाणी दाटतं तसे. तिला उठायचं होतं. पाय उठतही होते.

मग तिनं काळूरामच्या बायकोकडे पाहिलं. शेट सोडा संपवतील आणि जीपमध्ये बसतील. शेवंती मात्र या बाईच्या घरात जन्म काढणार. पहिलं तापाचं पोर, पहिली पडलेली म्हैस, पहिला रिकामा गेलेला महिना, तेव्हा ही बाई शेटचं नाव घेणार नाही. शेवंतीचं घेईल.

"मना आवाज नाय, शेट," बायजा बसल्या जागेवरून म्हणाली. "माझा गला गेला."

"गेला? सिनेमावाल्यांनी नेला वाटतं!"

केवढं हसू झालं! काळूराम तर सुटल्यासारखा हसला. खुर्चीमागे उभा राहून बळीरामही हसला.

"मग हिला आता पाट्याही झेपायच्या नाहीत रे," शेट उठता उठता म्हणाले. "उद्यापासून घरीच बसव म्हातारीला." ते हसतच म्हणाले, पण मिठागराचा मुकादम सोबत होता, आणि त्यानं मान डोलावली.

जीप गेली. धोंडूबाईनं चुकला होता तिथूनच धवला उचलला आणि भराभरा संपवला.

उन्हं उतरल्यावर वरात निघायची वेळ झाली. शेवंती एकेकाच्या पाया पडत भिंतीशी आली. वाकली, आणि वाकल्यावाकल्याच हळू आवाजात म्हणाली, "शेटनी सांगलं व्हतं, आजी. सासूनंबी हां म्हटलं व्हतं. तरी नाय गायलीस माझेसाठी?"

शेवंतीच्या पदराची गाठ सैल झाली होती, ती बायजानं आवळून दिली. मागे बळीरामची आत्या खोळंबली होती. बायजा तिला वाट देऊन बाजूला झाली.