मधला हात

बुधवारी सकाळी पावणेअकराला दत्तोबा खोत "येतो" म्हणून खुर्चीवरून उठले, आणि ते दारापर्यंत पोचायच्या आत दत्तोबा खोत लिफ्टमधून बाहेर पडून आत आले.

दोघांनी एकमेकांना रामराम केला. मोठ्या कंपनीत नवा माणूस भेटला की करतात तसा.

"कुठलं तुमी?" पहिल्यानं विचारलं.

"राजारामपुरीतला."

"मी बी तिथलाच."

भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी ओळ उमटली: दत्तोबा खोत येत आहेत. नोंद झाली.

कालिंदी आवटीनं ती ओळ वाचली. चूक कुठं झाली ते त्या अख्ख्या ऑफिसात तिलाच तेवढं कळलं होतं.

ऑफिस लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचं, कोल्हापुरात, तिसऱ्या मजल्यावर. मेकॅनिक लोक इमारतींमधून हिंडायचे आणि काम झालं की फोनवर बोलून ठेवायचे. "दार अडकत होतं, रूळ घासून साफ केला, आता चालतंय, येतो." हे बोलणं कालिंदी कानात फोनची बोंडं घालून ऐकायची, नीट लिहून काढायची आणि सगळ्यांसाठीच्या माहितीच्या साठ्यात ठेवायची. त्याला ऑफिसात कोठार म्हणत. शेवटचा 'येतो' ती दर वेळी गाळायची. तीन वर्षांत किती 'येतो' गाळले असतील, कुणी तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. निघताना माणूस 'येतो' म्हणतो, त्यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे?

मग परांडेकर साहेब म्हणाले, "मधला हात काढा."

तिनं काढला. दोन आठवडे खपून यंत्र असं जुळवलं, की बोललेलं आपोआप लिहिलं जाईल आणि थेट कोठारात जाऊन पडेल. छताला साबुदाणावड्याएवढा एक काळा कान बसवला, म्हणजे बैठकीतलंही काही सुटायला नको. सगळ्यांचे फोनही त्याला जोडले. कुणी मागाहून खाडाखोड करू नये म्हणून कुलूप घातलं, आणि ते इतकं चोख घातलं की किल्ली तिच्याकडेही ठेवली नाही. बुधवारी दहाला साहेबांनी दारावर कागद डकवला: 'कोठारात आहे ते झालं. कोठारात नाही ते झालंच नाही.'

फक्त 'येतो' गाळायचं सांगायचं राहिलं. ते तिच्या बोटांना ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं.

साडेअकरापर्यंत ऑफिसात नऊ दत्तोबा झाले. पाच रुक्साना मुल्लाणी झाल्या. ही तक्रारींचे फोन घेणारी, फोन ठेवताना दर वेळी "बरंय, येते" म्हणायची तिला सवय. साहेब चार झाले. चौघंही एकाच खुर्चीवर हक्क सांगत होते, पण सभ्यपणानं. बाहेर मात्र कुणाला पडता येईना. उंबऱ्यापलीकडं पाऊल टाकलं की ते आतच पडायचं. गेल्याची नोंद नव्हती, तेव्हा कुणी गेलं नव्हतं. लिफ्टही नुसती येत होती. वर यायची, दार उघडायची, रिकामी झाली की मिटायची आणि पुन्हा खालून वर यायची. खाली जाताना ती कुणाला दिसली नाही.

"कालिंदी, तुझं यंत्र लई शहाणं हाय गं," एक रुक्साना म्हणाली. "आता डबा पाचांत कसा पुरवू?"

"साहेब, एवढी एक ओळ पुसू द्या," कालिंदी म्हणाली.

"कोठारात आहे ना?" एक साहेब म्हणाले.

"आहे."

"मग आहे," दुसरे म्हणाले.

तरी तिनं कळा दाबून पाहिल्या. पडद्यावर तिचंच वाक्य उमटलं, तिनंच घातलेलं: इथे हात लागत नाही.

खिडकीपाशी दाटीनं उभ्या असलेल्या दत्तोबांपैकी एकजण वैतागला. कोणता ते सांगता यायचं नाही. हातात चहाचा कप होता, कोपर हलवायला जागा नव्हती. "ह्या परीस मेलेलं बरं," तो म्हणाला. "बसा तुमी कोठार घेऊन. मी जातो."

हे त्यानं बोलायला नको होतं. आपल्याकडं उंबऱ्यावर उभं राहून 'जातो' कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. छतातल्या कानाला माहीत नव्हतं.

दत्तोबा खोत गेले. नोंद झाली.

एकाच्या तोंडून निघालं आणि नऊच्या नऊ गेले. आवाज झाला नाही. नऊ माणसांची जागा एकदम मोकळी झाली, तेवढा वारा आला. कप खिडकीच्या कठड्यावर होता, चहातून वाफ निघत होती. भिंतीवर सगळ्या टीमचे फोटो होते, त्यातल्या दत्तोबांच्या फोटोला चंदनाचा हार आला होता. पडद्यावर कोठारातल्या जुन्या नोंदी एकेक करून बदलत गेल्या: 'कै. दत्तोबा खोत यांनी रूळ साफ केला.' 'कै. दत्तोबा खोत यांनी पट्टा बदलला.' अगदी काल संध्याकाळचीसुद्धा.

"आता कुणीही तोंड उघडायचं नाही," रुक्साना कुजबुजली. बाकीच्या चौघींनी पदर तोंडावर धरले.

ऑफिस गप्प झालं. घड्याळात साडेबारा झाले आणि कालिंदीनं दाराकडं पाहिलं. साडेबाराला गल्लीच्या टोकाला शाळा सुटते आणि फाटकाशी तिची लेक शाल्मली उभी असते. आठ वर्षांची. तिला आणायला रोज कालिंदीच जाते.

सकाळी वेणीवरून दोघींचं वाजलं होतं. घट्ट घातलीस, सैल घातलीस, असं. शेवटी शमू दप्तर उचलून, गाल फुगवून म्हणाली, "मग मी जाते!" कालिंदीनं पटकन तिच्या तोंडावर हात दाबला. "असं म्हणतात का? येते म्हण. तीनदा म्हण." हाताखाली ओठ थरथरले, मग हसले. "येते, येते, येते!" आणि पोरगी उड्या मारत जिना उतरली.

फोन वाजला. सगळ्यांनी दचकून कालिंदीकडं पाहिलं. नंबर शाळेतल्या बाईंचा होता.

"आई, कुठंयस तू? सगळ्या गेल्या."

"बाईंजवळ थांब, शमू."

"तू येतेस ना?"

कालिंदीनं दात आवळून धरले. जन्मभर या प्रश्नाला तिनं दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

"आई? येतेस की नाही? नुसतं हो म्हण."

हो म्हटलं तर यंत्र काय लिहील, याचा ती विचार करत राहिली.

"बाईंजवळ थांब," ती पुन्हा म्हणाली. "काही बोलू नकोस. माझ्या राणी, एक शब्द बोलू नकोस."

"रागावलीस? सकाळचं? आता शहाण्यासारखं बोलते बघ." आणि ती सकाळच्याच चालीवर म्हणाली, "मीच येते, येते, येते!"

शाल्मली आवटी येत आहे. नोंद झाली.
शाल्मली आवटी येत आहे. नोंद झाली.
शाल्मली आवटी येत आहे. नोंद झाली.

लिफ्टच्या दारावरचा आकडा एक झाला. कालिंदी गर्दीतून वाट काढत निघाली. रुक्साना अंग चोरून बाजूला झाल्या, साहेब झाले नाहीत. आकडा दोन झाला. तिनं एका साहेबाला ढकललं. आकडा तीन झाला आणि दार उघडलं.

आत तिघी उभ्या होत्या. तिघींची डावी वेणी सुटलेली, तिघींच्या पाठीवर तेच निळं दप्तर. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मग चार साहेबांकडं, पाच रुक्सानांकडं, हार घातलेल्या फोटोकडं. तिघींच्या हनुवट्या एकदम थरथरायला लागल्या.

"आई," तिघी म्हणाल्या, "मला नाही आवडत इथं. मी—"

कालिंदीनं डावा हात डावीकडच्या शमूच्या तोंडावर दाबला, उजवा उजवीकडच्या. दोन्ही तळव्यांखाली ओठ हलले आणि थांबले.

छतातल्या कानाचा दिवा हिरवा झाला. मधलीनं आईच्या दोन्ही हातांकडं पाहिलं, आणि श्वास आत घेतला.