मानेला दिलेला झटका

आमचे थोरले दीर शाळेत ड्रिलमास्तर होते. निवृत्त झाले, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नाही. घरात कुणी शिंकलं तरी उपाय त्यांच्याकडे तयार. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

मला जुना संधिवात. त्यात मान खाली घातली की दोन्ही हातांत करंट जायचा. अंथरुणातून उठताना डोकं हातांनी धरून उचलावं लागायचं. मी कपडे अल्टर करून देते. सुई बोटांतून निसटायला लागली तशी घाबरले. मानेचा एक्स-रे काढायला गेले. तिथला माणूस म्हणाला, मान अजिबात हलवू नका. मी हलवली नाही. रिपोर्ट नॉर्मल आला.

"बघा, नुसती नाटकं!" दीर म्हणाले. "शीर आखडलीय. एक झटका दिला की मोकळी."

नवरा पेपरात तोंड खुपसून बसला होता. मी नको-नको म्हणेपर्यंत दिरांनी मागून येऊन हनुवटी धरली आणि मान पिळली. मी खुर्चीसकट आडवी झाले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः शेजारी उभं राहून, मान जपून पुढे-मागे झुकवून फोटो काढायला लावले. "सरळ बसलात की सगळं जागेवर दिसतं," त्या म्हणाल्या. "संधिवाताने तिथला सांधा सैल झालाय. मान झुकली की सगळ्यात वरचा मणका पुढे सरकतो आणि मज्जारज्जू दाबला जातो. अशा मानेला झटका कोणत्या शहाण्याने दिला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता.

ऑपरेशन करून वरचे दोन मणके स्क्रूंनी एकमेकांना जखडले. करंट थांबला, मान निम्मीच वळायला लागली. पण झटक्याने बधिर झालेली उजव्या हाताची दोन बोटं तशीच राहिली.

मी घरी आल्यावर पाहुणे भेटायला आले. दीर माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत होते, "मी झटका दिला म्हणून तर दुखणं सापडलं! सांग गं यांना."

"जाऊ दे ना," नवरा पुटपुटला.

किळस आली मला दोघांची. मी उठले, अख्खी वळले आणि पदराला खोचलेली शिवणाची सुई काढून दिरांपुढे धरली.

"टोचा या दोन बोटांना. मला कळलं, तर तुमचं खरं."

त्यांनी हात मागे घेतला. मग मीच टोचून दाखवलं. रक्त आलं, तेही मला बघूनच कळलं.